गोळी देण्याआधी नाव विचारा

वॉर्डात औषधांचा ट्रे घेऊन फिरताना मी रुग्णाला 'तुम्ही शिंदेकाका ना?' असे कधीच विचारत नाही. गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही 'हो' म्हणतो. 'काका, पूर्ण नाव सांगा' असे म्हणायचे आणि ते केसपेपरशी ताडून पाहायचे. एका वॉर्डात एकाच आडनावाचे तीन-तीन रुग्ण असतात, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम आम्हा परिचारिकांकडून घोकून घेतात. पण रुग्ण घरी गेला की हे काम सुनेकडे किंवा मुलाकडे येते, आणि त्यांना ते कोणी शिकवलेले नसते.

सर्वांत जास्त भीती मला खलबत्त्याची वाटते! आजोबांना गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून मधातून देतात. साधी गोळी असेल तर एक वेळ चालेल, पण पाकिटावर नावापुढे 'एसआर', 'एक्सआर' किंवा 'ईआर' अशी अक्षरे असतील तर ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली की सगळे औषध एकदम रक्तात उतरते. रक्तदाबाची अशी गोळी कुटून दिल्यास दाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांकडून पातळ औषध किंवा दुसरी गोळी लिहून घ्यावी.

पक्षाघाताच्या रुग्णाला आधी ताठ बसवावे. डॉक्टरांनी तोंडाने द्यायला परवानगी दिली असली तरी पाण्याचा घोट घेताना ठसका लागला किंवा आवाज घरघरला, तर गोळी देऊ नये, डॉक्टरांना कळवावे.

संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास तोंड येते, रक्तातील पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा. रुग्ण 'सिस्टर, ही गोळी माझी रोजची नाही' म्हणाला, तर मी हात मागे घेते आणि कागद पुन्हा पाहते. घरीही म्हाताऱ्या माणसाची ही तक्रार 'किरकिर' समजून झटकू नये.

गोळीनंतर लगेच उलटी झाली तर मनाने दुसरी देऊ नये. किती मिनिटांनी झाली, उलटीत गोळी दिसली का, ते डॉक्टरांना सांगावे.