मुंगीच्या वेषांतला खेंकडा-कोळी

कोंकणांत आंब्याच्या झाडावर जो कधीं चढला आहे, त्याला ओंबील नांवाच्या तांबड्या मुंगीची ओळख निराळी करून द्यावयास नको. हिरवीं पानें अळ्यांच्या रेशमानें जोडून घरटें बांधणारी आणि हात लागतांच कडकडून चावणारी ती हीच. तिच्या रांगेच्या कडेला एखादी मुंगी एकटीच घुटमळतांना दिसली, तर तिचे पाय मोजावे. चालण्यास सहा, आणि शृंगिकांप्रमाणें वर उचलून हलविण्यास दोन, असे आठ भरले तर ती मुंगी नव्हे, कोळी होय.

एका अशा कोळ्याचें शास्त्रीय नांव अमिसीआ फॉर्टिसेप्स. भारतापासून चीन व मलेशियापर्यंत तो आढळतो. लांबी पाव इंचाच्या आसपास. गंमत अशी कीं, ज्या टोकास आपण डोकें समजतों, तो त्याच्या पोटाचा मागचा भाग असतो. तेथील दोन काळे ठिपके मुंगीच्या डोळ्यांसारखे दिसतात. जवळून जाणाऱ्या मुंगीस तो पकडतो आणि तिच्या सोबतिणी धांवून येण्यापूर्वीं धाग्यावरून खालीं लोंबकळत निवांतपणें तिचा रस शोषतो.

आतां खरी अडचण पुढेंच आहे. ह्याच ओंबिलीचें सोंग घेणारा दुसराही एक कोळी आहे, मिर्माप्लाटा प्लाटालिऑइडिस. तो मात्र ह्या मुंग्यांच्या वाटेस जात नाहीं. मुंगीस भिणाऱ्या शत्रूंपासून बचाव, एवढाच त्याच्या सोंगाचा उपयोग. सोंग एक, पण घराणीं दोन! तेव्हां रंगरूपावर भिस्त ठेवून चालत नाहीं. डोळे पाहावे लागतात. दुसऱ्याच्या तोंडावर मधले दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असतात. तें उड्या मारणाऱ्या कोळ्यांचें कुल. अमिसीआचे आठही डोळे बारीक, चार-चारांच्या दोन ओळींत. पुढील पायांच्या दोन जोड्या मागच्यांहून लांब. शिकारीसाठीं तो जाळें विणीत नाहीं. हीं लक्षणें थॉमिसिडी, म्हणजे खेंकडा-कोळ्यांच्या कुलाचीं. सुंडेव्हाल ह्या स्वीडिश शास्त्रज्ञानें १८३३ मध्यें तें स्थापिलें. आज त्यांत दोन हजारांहून अधिक जाती आहेत.

कुल ठरलें म्हणजे जात ठरली असें नाहीं. त्यासाठीं पूर्ण वाढलेला नर किंवा मादी हवी. नराच्या तोंडाजवळील स्पर्शकांचीं टोंकें आणि मादीच्या पोटाखालील जननांगाची रचना सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी लागते. रंग मद्यार्कांत फिका पडतो. ही रचना टिकते. पिलांत ती तयार झालेली नसते, म्हणून केवळ पिलावरून जात सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाहीं.

नांवाचाही थोडा इतिहास आहे. पिकार्ड-केंब्रिज ह्या इंग्रज पाद्र्यानें १८७३ मध्यें ह्या जातीचें वर्णन केलें, तेव्हां प्रजातीस ‘अमिक्ली’ म्हटलें होतें. तें नांव आधींच दुसऱ्या एका कीटकास दिलेलें निघालें. म्हणून सिमाँ ह्या फ्रेंच पंडितानें १८८५ मध्यें ‘अमिसीआ’ हें नांव योजिलें. प्रजाती बदलल्यामुळें मूळ वर्णनकाराचें नांव आतां कंसांत लिहितात. असल्या कंसालाही अर्थ असतो, हें मुलांना अवश्य सांगावें.

भारतांतील खेंकडा-कोळ्यांवर डॉ. टिकादर ह्यांचा ग्रंथ १९८० मध्यें निघाला आहे. जिज्ञासूंनीं तो पाहावा. आणि छायाचित्र घ्यावयाचें झाल्यास, केवळ पाठीचें न घेतां डोळ्यांची मांडणी स्पष्ट दिसेल असें समोरून घ्यावें. समोरची बाजू कोणती, हें आधीं ठरवावें लागेल एवढेंच.