मिरचीची गोळी आणि भाचीचा गोळा

"मावशी, यात काय लिहिलंय ते जरा वाच ना!" असं म्हणत भाचीनं एक डबी माझ्या हातात ठेवली. पोलीस भरतीच्या तयारीसाठी ती खेड्यावरून आमच्याकडे साक्रीला राहायला आलेली. पहाटे पाचला उठून मैदानावर जायची. आठशे मीटर, शंभर मीटर धावणं आणि चार किलोचा गोळा. मैदानी परीक्षेच्या ५० गुणांपैकी १५ गुण गोळ्याचे आणि नेमका तोच जवळ पडायचा. कुणीतरी सांगितलं, "या गोळ्या घे, महिनाभरात ताकद वाढेल." किंमत बाराशे रुपये. पैसे तिच्या आईनं बचत गटातून उचललेले. ते ऐकून माझ्या पोटात कालवलं.

माझ्या सासूबाई मात्र खळखळून हसल्या. "मिरची खाईसनी ताकद येस का व माय?" मग तर खान्देशातल्या बाया साऱ्या पहिलवानच व्हायला हव्यात! नंदुरबार, दोंडाईचा ही आपली मिरचीची गावं, ठेच्याशिवाय आपल्याला भाकरी गोड लागत नाही.

मी कला शाखेची पदवीधर, रसायनशास्त्राशी माझा संबंध फोडणीपुरता. पण बाराशे रुपयांचा प्रश्न होता, म्हणून माहिती काढली. पहिली गंमत म्हणजे इंग्रजीत मिरी आणि मिरची दोन्हींना 'पेपर'च म्हणतात. त्या डबीत दोन्हींचा अर्क होता. मिरचीतलं तिखट द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन, काळ्या मिरीतलं पायपरीन.

कॅप्सेसिनची गोष्ट अगदीच थाप नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायामाची सवय असलेल्या दहा पुरुषांना व्यायामाआधी पाऊण तास १२ मिलिग्रॅम कॅप्सेसिन दिलं. खांद्यावर वजन घेऊन त्यांनी दमेपर्यंत बैठका मारल्या. नुसती पोकळ गोळी घेतली त्या दिवसापेक्षा त्या दिवशी त्यांच्या बैठका जास्त निघाल्या आणि दमल्यासारखंही कमी वाटलं. आग आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर कॅप्सेसिन काम करतं, म्हणून असं होत असावं. पण माणसं दहाच, तीही पुरुष, तीही आधीच कसलेली. नंतरच्या छोट्या प्रयोगांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. शिवाय एका दिवशी चार बैठका जास्त निघणं वेगळं आणि महिनोन्महिन्यांनी दंडात बळ येणं वेगळं.

मिरीचं काम आणखी निराळं. ती दुसऱ्या पदार्थांचं शोषण वाढवते. १९९८ मध्ये बंगळूरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या अभ्यासात हळदीतल्या कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर रक्तातलं कर्क्युमिन वीसपटीनं वाढलेलं दिसलं. पण हीच खोड औषधांच्या बाबतीतही असते. फिट्सवरचं फेनिटॉइन, रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलॉल यांचं रक्तातलं प्रमाण पायपरीननं वाढू शकतं. हे वाचलं आणि छातीत धस्स झालं. कारण आदल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "एक गोळी मले बी दे, गुडघासले बरं वाटी!" त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत.

भाचीला चौथ्या दिवशी जळजळ सुरू झाली. उपाशीपोटी गोळी घेऊन धावायला जायची, मग दुसरं काय होणार? एका सकाळी मैदानावरच उलटी झाली. ग्रामीण रुग्णालयात नेलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.२! हवं किमान १२. पोर दमायची ती रक्त कमी म्हणून, आणि आम्ही औषध शोधत होतो मिरचीत. ही एकट्या तिची कथा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

मग डबी फडताळात गेली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणावर लगेच चहा घेणं बंद केलं, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. ताटात लिंबू आलं. पन्नास किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४२ ग्रॅम प्रथिनं लागतात, व्यायाम करणारीला त्याहून थोडी जास्त. उडदाची डाळ, कळण्याची भाकरी, शेंगदाणे, मठाची उसळ, अंडी, दूध. बाराशे रुपयांत यातलं किती आलं असतं, याचा हिशेब तिनंच वहीत मांडला. आणि गोळा नुसता दंडानं जात नाही, पाय-कमरेचा जोर लागतो, हे तिच्या सरांनी शिकवलं.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झालं. गोळाही पुढे पडायला लागला. भरती अजून व्हायची आहे, तेव्हा यशाची बढाई मारत नाही.

मैत्रिणींनो, घरात अशी डबी आली तर तीन गोष्टी बघा. त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का, कुठला घटक किती मिलिग्रॅम आहे, आणि घरात कुणाला दुसरं औषध चालू आहे का. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला नको. आणि सगळ्यात आधी पोरीचं रक्त तपासून घ्या.

बचत गटाचं कर्ज अजून फिटतंय. भाची म्हणते, "मावशी, पहिल्या पगारातून मीच फेडीन." तो दिवस येवो!