झाकलेला आजार, वाढते व्याज

सांगलीच्या हळदपेठेत वा साताऱ्याच्या बाजारात कोणाच्या मुलाला मधुमेह झाला, तर घरचे तत्काळ तज्ज्ञाकडे नेतात. नैराश्य आले, तर मात्र सोयरिकीच्या धास्तीने ते झाकून ठेवतात. थकलेल्या कर्जाप्रमाणे झाकलेला आजारही वाढतच जातो. ‘मन घट्ट कर, गल्ल्यावर बस’ हा उपचार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरविला असून रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य सल्ला मिळतो. मन-वचन-कायेने अहिंसा पाळणाऱ्या आपल्या समाजात खचलेल्या मुलास ‘आळशी’ म्हणणे ही वचनाची हिंसाच होय. आधी त्याचे शांतपणे ऐकून घ्यावे, मग त्याच्यासह डॉक्टरांकडे जावे.