रुई जाते, सरकी राहते

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या जिनिंगमध्ये शिरलं की आधी आवाज लागतो, मग धूळ. रेच्यांची लांब रांग एका लयीत थडथडत असते. माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात, आणि हंगाम सुरू होऊन आठवडा झाला की बाहेर आल्यावरही ओरडूनच बोलतात.

रेचा जवळून पाहिला तर त्यात गूढ काही नाही. चामड्याचे दोन रूळ फिरतात. रुळाला एक स्थिर सुरी चिकटलेली असते. चामड्याचा खरखरीतपणा कापसाचा धागा पकडून सुरीखाली ओढतो. सरकी त्या फटीतून जाऊ शकत नाही, अडते. मग खाली-वर हलणारी दुसरी सुरी तिला ठोसा मारते आणि ती जाळीतून खाली पडते. असे ठोसे मिनिटाला हजाराच्या आसपास. अमेरिकेतल्या मॅकार्थीने या रचनेचं पेटंट 1840 साली घेतलं. मोटारी बदलल्या, कापूस वाहणारे पट्टे आले; ओढणं, अडवणं आणि ठोसणं तेच राहिलं. चामडं झिजून गुळगुळीत झालं की रूळ धागा धरत नाही. म्हणून त्याला पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, आणि हे काम जाणत्या फिटरशिवाय कुणाला करू देत नाहीत.

एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण 33 ते 35 किलो. उरते ती सरकी, आणि थोडी घट.

खरी परीक्षा मात्र शेडच्या बाहेर, फरशीवर होते. गाडी रिकामी होण्याआधी ग्रेडर ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. वरचा कापूस सगळ्यांचाच चांगला असतो. आतला मुठीत दाबतो, सरकी दाताखाली धरतो, चिमटीत धागा ताणून लांबी बघतो. सरकी कडकन फुटली तर कापूस वाळलेला. नुसती दबली तर पाणी.

“पाणी आहे भाऊ ह्याच्यात.”

“काहाचं पानी म्हन्ता? आंगनात दोन दिस वायवला नं!”

या दोन वाक्यांत क्विंटलमागे किती रुपये जातील ते ठरतं. यंत्र आर्द्रतेचा आकडा दाखवतं, तरी वाद दातावरच सुटतो. ऑक्टोबरात परतीचा पाऊस फुटलेल्या बोंडांवर पडला की त्या वर्षी फरशीवर पिवळट, डागी, कवडी मालाच्या गंजी लागतात. बायका ओळीने बसून त्यातून कवडी, पाला, प्लॅस्टिकचे धागे वेचतात. शेतात वेचणाऱ्या बायाच, इथेही बायाच. आणि दोन्हीकडे मजुरी सगळ्यांत कमी. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडाची दैना केली. ती अळी सरकीच्या आत दडून जिनिंगपर्यंत येते, म्हणून आता जिनिंगच्या आवारातही कामगंध सापळे टांगायला सांगतात.

हे सगळं इथे का वसलं, याचं उत्तर शेडच्या टोकाला आहे. तिथे प्रेस आहे. मोकळी रुई पेटीत पडते, हायड्रॉलिक दट्ट्या ती आवळतो, तारा कसल्या जातात, आणि 170 किलोच्या आसपासची गाठ बाहेर ढकलली जाते. रुईचा धागा सुधारावा म्हणून कुणी दाबत नाही. मोकळी रुई जागा खाते आणि वजन भरत नाही, म्हणून दाबतात. प्रेस हे वाहतुकीचं यंत्र आहे. वऱ्हाडात कारखाना आला तो मुख्यतः गाठ आवळायला; कापडाच्या गिरण्या नंतर आल्या, मोजक्याच.

एके काळी हा मुलूख निजामाच्या राज्याचं उत्तर टोक. वर सातपुडा, मधे पूर्णेची काळी जमीन. कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जाई. 1825-26 मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी पाचशे बैलांवर माल लादून पहिल्यांदा मुंबईकडे वळवला. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, अमेरिकेतल्या यादवी युद्धात मँचेस्टरची रुई अडली, आणि 1867 मध्ये भुसावळ, अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. रूळ खोऱ्यातून सरळ गेले. अमरावती आणि खामगाव हे मोठे बाजार बाजूला राहिले. मग त्यांच्यासाठी फाटे काढले. जलंब–खामगाव फाटा 1870 मध्ये उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. आठ मैलांच्या रुळासाठी व्हाइसरॉय! अमरावतीचं जुनं स्टेशन आजही बडनेऱ्याहून आलेल्या फाट्याचं टोकच आहे.

पुढे किलिक निक्सन कंपनीची नॅरोगेज आली, मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ, दुसरीकडे अचलपूर. तीच आपली शकुंतला. देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, ही कंपनीच्या मालकीची राहिली. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन ओढत होतं. तिच्याबद्दल लोक हळवे होऊन लिहितात, मीही होतो. पण ती प्रवाशांच्या कौतुकासाठी नव्हे, कापसासाठी टाकली होती हे विसरू नये.

आणि रेल्वे होती म्हणून माणसं वाचली, असंही झालं नाही. 1899 मध्ये पाऊस गेला. तोवर ज्वारीची कितीतरी जमीन कापसाखाली गेली होती, गावातल्या पेवांत पूर्वीसारखं धान्य नव्हतं. आगगाडी बाहेरून धान्य आणू शकत होती, विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा आणू शकत नव्हती. 1891 ला वऱ्हाडची लोकसंख्या 29 लाखांच्या जवळ होती. 1901 च्या खानेसुमारीत ती साडेसत्तावीस लाखांवर आली. मधल्या दहा वर्षांत दोन दुष्काळ होते. त्यांतल्याच पहिल्या दुष्काळाच्या साली, 1897 मध्ये, वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजारात शेतकऱ्याची लूट होते हे सरकारला तेव्हाच ठाऊक होतं.

आता गाठी ट्रकने जातात, गुजरातकडे, तमिळनाडूकडे. गाठीच्या दोन्ही अंगांतून नमुना काढतात, नंबर टाकतात. तो नंबर पडला की कुठल्या गावाचा कापूस, कुणाच्या अंगणात वाळलेला, याचा माग संपतो.

सरकी मात्र फार लांब जात नाही. ती शेजारच्या तेलघाण्यात जाते. तेल वेगळं निघतं, ढेप वेगळी. सरकी ढेपेच्या वायदे बाजारात अकोल्याचंच नाव चालतं. चारा कमी पडलेल्या वर्षी ढेपेचा भाव चढतो, तेव्हा कापसाचा पैसा हातात पडलेला शेतकरी काट्यावरून निघता निघता तोच भाव विचारतो. मघा दातावरून हरलेल्या त्या शेतकऱ्यानेही विचारला. भाव ऐकून “कालच्याहून वाढली की हो,” म्हणाला आणि दोन पोती गाडीत टाकायला लावली.