निकाल लागल्यानंतर : प्रवेशपरीक्षेच्या निकालाची दाद कोठे व कशी मागावी

नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल जाहीर झाला की आमच्या वसतिगृहाच्या ओसरीवर दरवर्षी दोन प्रकारचे पालक येतात. काहींच्या हाती पेढ्यांचा पुडा असतो. काही मात्र पायरीशी चपला काढून उभे राहतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "गुरुजी, आमच्या लेकराचं नाव चुकून तर राहिलं नसंल ना?"

या प्रश्नाला आम्ही अनेक वर्षे दोन सोपी उत्तरे देत आलो. एक म्हणजे नशीब, आणि दुसरे म्हणजे वशिला. ही दोन्ही उत्तरे न तपासता दिलेली होती, हे आज आम्ही मान्य करतो. केसपुत्त नगरीत कालामांना उपदेश करताना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर अथवा केवळ गुरूच्या अधिकारावर विसंबू नये, स्वतः पारखून घ्यावे, असा मार्ग दाखविला. छापील निकालालाही तोच न्याय लागू आहे आणि निकालाविषयीच्या संशयालाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने, निकालाबाबत दाद कशी मागावी याचे विवेचन आम्ही येथे करीत आहोत.

परीक्षेचे स्वरूप

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालयांची योजना आकारास आली. आरंभीच्या दोन विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीचे होते, ही महाराष्ट्रासाठी अभिमानाची गोष्ट आहे. प्रत्येक विद्यालयात सहावीच्या वर्गासाठी जास्तीत जास्त ८० मुले निवडली जातात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि किमान एकतृतीयांश जागा मुलींसाठी असतात. प्रश्नपत्रिकेत ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तासांचा अवधी असतो. त्यांपैकी मानसिक क्षमतेला ५०, अंकगणिताला २५ आणि भाषेला २५ गुण असतात. एका प्रश्नास सव्वा गुण मिळतो. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. एका गोलाचे मोल किती, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडील शिष्यवृत्ती परीक्षेशी पालक या परीक्षेची गल्लत करतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध होते, तिच्यावर आक्षेप मागविले जातात आणि निकालानंतर शुल्क भरून गुणपडताळणीही करता येते. नवोदयच्या निकालाची प्रक्रिया संगणकावर होते व तीत फेरमोजणीची सोय ठेवलेली नाही. त्यामुळे "पेपर पुन्हा तपासा" एवढाच अर्ज करून काही निष्पन्न होत नाही. दाद मागायची तर नेमके काय चुकले, हे आधी ठरवावे लागते.

अन्याय कोणता आणि गैरसमज कोणता

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी : "शेजारच्या तालुक्यातल्या पोराला आमच्या पोरापेक्षा कमी गुण, तरी त्याची निवड झाली." हा अन्याय असेलच असे नाही. ग्रामीण जागांची विभागणी तालुकानिहाय होते. शिवाय प्रवर्ग, मुलींच्या जागा आणि दिव्यांगांच्या जागा यांचाही हिशेब असतो. म्हणून तुलना करायची ती त्याच तालुक्यातील, त्याच प्रवर्गातील निवड झालेल्या शेवटच्या मुलाशी करावी.

खऱ्या चुका बहुधा तीन ठिकाणी सापडतात : उत्तरपत्रिकेवरील क्रमांक अथवा गोल चुकीचे रंगविणे, अर्जातील माहिती चुकीची भरली जाणे आणि कागदपत्रांतील विसंगती. यांपैकी दुसरी व तिसरी चूक अधिक जिव्हारी लागते, कारण तीमुळे झालेली निवडही रद्द होते.

येथे आमच्या विद्यालयापुरती एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. तिसरी, चौथी व पाचवी या तिन्ही इयत्ता पूर्णपणे ग्रामीण शाळेत झाल्या असतील, तरच मूल ग्रामीण कोट्यात धरले जाते. त्या काळात एक दिवसही शहरी हद्दीतील शाळेच्या पटावर नाव असेल, तर ते मूल शहरी ठरते. आमचे विद्यालय नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. म्हणजे वाडीवस्तीवरून आमच्याकडे चौथीत वा पाचवीत आलेले मूल, त्याचे घर शिवारात असले तरी, या परीक्षेपुरते शहरी होते. तसेच मूल ज्या जिल्ह्यात शिकते त्याच जिल्ह्याचे रहिवासी असावे लागते. अन्य जिल्ह्यांतून येणाऱ्या पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वीच याचा विचार करावा, असे आम्ही आता प्रत्येकास सांगतो.

दुसरी गोष्ट जातप्रमाणपत्राची. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मांतरितांना केंद्रातही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. परंतु केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्रात अनुसूचीतील मूळ जातीचा उल्लेख लागतो. घरात केवळ 'नवबौद्ध' अशी नोंद असलेला जुना कागद असेल, तर निकालाची वाट न पाहता तहसील कार्यालयातून योग्य नमुन्यातील प्रमाणपत्र काढून ठेवावे. ही तक्रारीची बाब नाही. ती पूर्वतयारीची बाब आहे.

माहिती अधिकाराचा मार्ग

चूक उत्तरपत्रिकेत आहे असे वाटत असेल, तर माहिती अधिकार अधिनियम २००५ हे सामान्य माणसाच्या हातातील साधन आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका प्रकरणात, तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' होय आणि परीक्षार्थीस ती पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. मूल अज्ञान असल्याने अर्ज पालकाच्या नावे करावा. शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास दाखला जोडल्यास ते माफ असते.

अर्जात भावना नको, मागणी हवी. आसनक्रमांक नमूद करून चार गोष्टी मागाव्यात : मुलाच्या उत्तरपत्रिकेची प्रत, अंतिम उत्तरसूची, विषयनिहाय गुण आणि आपल्या तालुक्यातील व प्रवर्गातील निवड झालेल्या शेवटच्या परीक्षार्थीचे गुण. "अन्याय का केला?" असा प्रश्न विचारू नये, कारण कायदा अभिलेखातील माहिती देतो, खुलासे देत नाही. उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवे. न मिळाल्यास अथवा असमाधानकारक असल्यास ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील करावे. त्यावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय होणे अपेक्षित असते. त्यानंतर ९० दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. उत्तरपत्रिका ठराविक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात जावा. प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवावी.

न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला आहे, पण तो अरुंद आहे. उत्तरसूची चुकीची असल्याचे उघडपणे सिद्ध झाले तरच न्यायालय हस्तक्षेप करते. नुसती शंका असेल, तर तिचा लाभ परीक्षा घेणाऱ्या संस्थेस मिळतो. गरीब पालकाने कर्ज काढून या वाटेला जाण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत सल्ला अवश्य घ्यावा.

आम्हांस मिळालेला धडा

काही वर्षांपूर्वी वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका पित्याने आमच्याकडे हट्ट धरला. त्याची लेक वर्गात पहिली होती. तिचे नाव यादीत नाही हे त्याला पटत नव्हते. आम्हीच त्याला अर्ज लिहून दिला. उत्तरपत्रिकेची प्रत आली, तेव्हा आम्ही ती त्या मुलीसमवेत उत्तरसूचीशी ताडून पाहिली. अंकगणिताच्या भागात तिने एक प्रश्न सोडला होता, पण त्याची ओळ मोकळी ठेवली नव्हती. तेथून पुढचे प्रत्येक उत्तर एक घर वर सरकले होते. गणिते बरोबर होती, गोल चुकले होते.

परीक्षा घेणाऱ्यांनी काहीच चुकविले नव्हते. चूक आमची होती. वर्षभर आम्ही तिला गणिते शिकविली, पण खऱ्या आकाराच्या उत्तरपत्रिकेवर सराव एकदाही घेतला नव्हता. तिचा पिता तो कागद हातात धरून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे पोरगी ढ नाही." एवढे म्हणून त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

जागा मिळाली नाही. परंतु त्या अर्जाने एका मुलीच्या मनावरचा शिक्का पुसला आणि आमची शिकविण्याची रीत बदलली. आता सराव परीक्षा दर पंधरवड्यास प्रत्यक्ष उत्तरपत्रिकेवर होते आणि अर्ज भरताना दोन शिक्षक व पालक मिळून प्रत्येक रकाना वाचून पाहतात. ती मुलगी आमच्याकडेच शिकत राहिली. नवव्या इयत्तेतील रिक्त जागांसाठी नवोदयची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असते. आठवीत आल्यावर तिने तिचा अर्ज स्वतःच्या अक्षरात भरला.

पालकबंधूंनो आणि भगिनींनो, निकालापुढे मान तुकविण्याआधी तो तपासा. आणि तपासात चूक आपलीच निघाली, तर तीही तितक्याच धैर्याने स्वीकारा. डॉ. बाबासाहेबांनी हक्कांचा लढा कागदोपत्री पुराव्यांनिशी लढून दाखविला. अर्ज लिहिता येत नसेल, तर आमच्या कार्यालयाचे दार उघडे आहे. येताना आसनक्रमांक घेऊन या, आणि मुलालाही सोबत आणा. कारण आपल्याविषयीचा कागद वाचण्याचा पहिला हक्क त्याचा आहे.