निसर्गोपचाराचा डॉक्टर व्हायचंय?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

दहावी-बारावीचे निकाल लागले की मार्केट यार्डाच्या आजूबाजूच्या वस्तीत, म्हणजे गुलटेकडी, महर्षीनगर, बिबवेवाडी या भागात, घरोघरी एकच विषय असतो. पुढे काय? मेडिकलला मार्क कमी पडले, इंजिनीअरिंग नको. मग कुणी तरी सुचवतं, निसर्गोपचार का नाही घेत? लगेच दुसरा म्हणतो, त्यात शिकायचं काय? पोटावर माती ठेवायची, गाजराचा रस द्यायचा आणि सकाळी फिरायला जा म्हणायचं. एवढ्यासाठी कॉलेज कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. या शास्त्राच्या भारतातल्या प्रवासातला मोठा भाग आपल्या पुण्यातच घडला आहे. तेव्हा थोडं मागं जाऊ.

गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य' लिहिलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरी पेशावर सडकून टीका केली होती. लुई कूने आणि अडॉल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांच्या पुस्तकांचा त्यांच्यावर प्रभाव होता. कटिस्नान, मातीच्या पट्ट्या, उपवास हे सगळे प्रयोग त्यांनी आधी स्वतःवर आणि मग घरच्यांवर केले. पण १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, येरवड्याच्या तुरुंगात असताना, त्यांच्या आंत्रपुच्छाला सूज आली आणि त्यांना ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. कर्नल मॅडॉक यांनी ती केली. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पार पडलं. निसर्गोपचाराच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगावी, असं मला नेहमी वाटतं. आंत्रपुच्छ फुटायला आलेलं असताना मातीची पट्टी चालत नाही. हे ओळखता येणं आणि वेळेवर ससूनची वाट दाखवता येणं, हासुद्धा शिक्षणाचाच भाग आहे.

पुणे स्टेशनच्या मागे ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. १९४४ नंतरच्या काळात गांधीजी तिथं अनेकदा राहिले. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी तिथंच निसर्गोपचाराच्या प्रसारासाठी एक अखिल भारतीय न्यास स्थापन झाला. २०१८ पासून १८ नोव्हेंबर हा निसर्गोपचार दिन म्हणून पाळला जातो, तो यामुळे. गांधीजींचा विचार होता की हे केंद्र गरिबांसाठी चालवावं. पण लवकरच त्यांच्या लक्षात आलं की शहरातल्या अशा ठिकाणी गरीब येणार नाहीत. गरिबांकडे आपणच गेलं पाहिजे. म्हणून २२ मार्च १९४६ ला ते सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनला गेले, आठवडाभर राहिले, गावकऱ्यांना तपासलं आणि काम पुढे मणिभाई देसाईंच्या हाती सोपवलं. मणिभाईंनी आश्रम तर चालवलाच, पण त्याचबरोबर गाई सुधारल्या, शेती सुधारली आणि १९६७ साली 'बाएफ' ही संस्था उभी केली. आजारी माणसाला दूध-भाजी खा म्हणून सांगायचं तर ती आधी त्याच्या घरात असायला हवी, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

ताडीवाला रस्त्यावरची वास्तू आज बापू भवन म्हणून ओळखली जाते. १९८६ साली तिथं केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था सुरू झाली. याच संस्थेचा 'निसर्ग ग्राम' हा नवा प्रकल्प येवलेवाडीत उभा राहिला आणि २५ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. निसर्गोपचाराचं महाविद्यालय आणि २५० खाटांचं रुग्णालय असं त्याचं स्वरूप आहे. मार्केट यार्डातून गंगाधाम चौकाकडून कोंढव्याला आणि खडी मशीन चौकातून पुढं गेलं की येवलेवाडी. म्हणजे या भागातल्या मुलामुलींना हे शिक्षण आता अगदी दाराशी आलं आहे.

आता अभ्यासाकडे वळू. पदवीचं नाव बी.एन.वाय.एस., म्हणजे निसर्गोपचार आणि योगशास्त्राची पदवी. दक्षिण कन्नड जिल्ह्यात उजिरे इथं १९८९ साली हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि नंतर इतरत्र पसरला. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागतं. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण साडेपाच वर्षं. म्हणजे एम.बी.बी.एस. किंवा बी.ए.एम.एस. इतकीच. सोपी वाट म्हणून कुणी इकडे येणार असेल तर त्यानं हा आकडा आधी पाहावा.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि जोडीला निसर्गोपचाराचं व योगाचं तत्त्वज्ञान. शवविच्छेदन याही विद्यार्थ्याला चुकत नाही. पुढे विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, सार्वजनिक आरोग्य येतं. मग रोगनिदान, मालीश, आहार आणि उपवास चिकित्सा, योगचिकित्सा, जलचिकित्सा, फिजिओथेरपी, स्त्रीरोग, तातडीचे उपचार. यादी लांब आहे, सगळी वाचत बसत नाही. एक-दोन गोष्टी मात्र उलगडून सांगतो, म्हणजे माती लावायला कॉलेज कशाला, याचं उत्तर मिळेल.

पाण्याचंच घ्या. थंड पाण्याच्या टबात कंबरेपर्यंत बसवलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत सरकतं. बाहेर येऊन अंग पुसलं की त्या पुन्हा फुलतात, कातडी लालसर होते, माणसाला तरतरी वाटते. गरम पाण्यात उलटं होतं. वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. हे इतकं सरळ आहे की घरीही करता येतं. पण टबात बसलेल्या माणसाला हृदयविकार असेल, तर थंड पाण्याचा अचानक धक्का त्याला महागात पडू शकतो. रक्तदाबाची गोळी घेणारे आजोबा गरम टबातून झटकन उठले, तर घेरी येऊन पडतात. जुना मधुमेह असलेल्या बाईच्या पायांना संवेदना नसते. गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्यावर पाय भाजतोय हे तिला कळतच नाही. कातडीला फोड येतो, तो चिघळतो, आणि पुढं काय होतं ते मधुमेहाच्या घरांमध्ये सगळ्यांना माहीत आहे. उपचार तोच, पाणी तेच. कुणाला, किती वेळ, किती गरम, आणि कुणाला अजिबात नाही, हे ठरवायला शरीरशास्त्र लागतं. पाण्यात बुडवायचा तापमापक ही निसर्गोपचाराच्या डॉक्टरची खरी खूण, असं मी गमतीनं म्हणतो.

मातीचंही तसंच. ती कुठलीही चालत नाही. जमिनीखाली तीन-चार फुटांवरची, खत आणि औषधफवारणी न पोचलेली माती काढायची, उन्हात वाळवायची, चाळायची, मग भिजवायची. ती ओल धरून ठेवते आणि हळूहळू थंडावा देते. तिचा गुण तो एवढाच. त्यापलीकडे माती शरीरातलं विष ओढून घेते वगैरे जे सांगितलं जातं, त्याला पुरावा मागावा.

सगळ्यांत नाजूक विषय उपवासाचा. आपल्याकडे एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, त्यामुळं उपवासात धोका काय, असं वाटतं. पण साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण सोडलं तर रक्तातली साखर घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. ज्या मधुमेही मुलांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्यांचं इंजेक्शन 'आता नैसर्गिक उपचार चालू आहेत' म्हणून बंद केलं, तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. असे प्रकार घडतात. लांबलेला उपवास सोडतानाही जपावं लागतं. एकदम पोटभर जेवण दिलं तर रक्तातले क्षार वेगानं खाली जातात आणि हृदयावर बेततं. म्हणून पातळ, थोडं, टप्प्याटप्प्यानं.

आणि रसाहार! मार्केट यार्डात पहाटे पालेभाज्यांच्या जुड्यांचे ढीग लागतात, फळांच्या गाळ्यांवर पेट्या उतरतात, शहाळी येतात. यातलं काहीच औषध नाही आणि वाईटही नाही, असं कुणालाही वाटेल. पण मूत्रपिंड निकामी होत आलेल्या रुग्णाला शहाळ्याचं पाणी आणि भाज्यांचा रस सपाटून पाजला, तर त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, हा समज पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थ्याच्या डोक्यातून गेला पाहिजे. तो ज्याचा जात नाही, त्याच्या हाती रुग्ण देऊ नये.

सगळाच अभ्यासक्रम पटण्यासारखा आहे, असंही मी म्हणणार नाही. आहार, व्यायाम, वजन कमी करणं यांचे मधुमेह आणि रक्तदाबावरचे फायदे नीट तपासलेले आहेत. जुनाट कंबरदुखीत योगासनांचा उपयोग होतो, याचाही अभ्यास झाला आहे. पण लोहचुंबक चिकित्सा, रंगचिकित्सा यांना तसा आधार नाही. तरी ते विषय शिकवले गेले. विद्यार्थ्यानं परीक्षेपुरते शिकावेत आणि रुग्णासमोर बसताना विवेक ठेवावा. जुन्या निसर्गोपचारकांपैकी काही जण तर रोगजंतू मानतच नसत. आजच्या विद्यार्थ्याला सूक्ष्मजीवशास्त्राची परीक्षा द्यावी लागते, हे चांगलंच झालं.

आता कायद्याची बाजू. पालकांनी इथं कान द्यावा. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा यांच्यासाठी २०२० साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, होमिओपॅथीसाठी वेगळा झाला. त्यांत योग आणि निसर्गोपचाराचा समावेश झाला नाही. त्यामुळं या पदवीची नोंदणी, प्रवेशाची पद्धत आणि व्यवसायाचे अधिकार यांत राज्याराज्यांत फरक आहे. कर्नाटकात ज्या पद्धतीनं प्रवेश मिळतो, ती इथं असेलच असं नाही. त्या पोकळीचा फायदा घेणारेही आहेत. सहा महिन्यांत, टपालानं, घरबसल्या 'एन.डी.' करा आणि नावामागं डॉक्टर लावा, अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. अशा कागदाला साडेपाच वर्षांच्या पदवीशेजारी बसवू नका. मधुमेह, कर्करोग मुळापासून बरा करतो अशी जाहिरात कुणी करत असेल, तर १९५४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक निकाल सांगण्यासारखा आहे. मुंबईतल्या एका होमिओपॅथीच्या डॉक्टरनं तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या डॉक्टरला दोषी धरलं. ज्या पद्धतीचं शिक्षण नाही तिचे उपचार करणारा तो भोंदूच, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. निसर्गोपचाराच्या पदवीधरांनाही तोच न्याय. प्रतिजैविकांची चिठ्ठी लिहिण्याचा मोह टाळायचा.

पदवीनंतर कामं कुठली? निसर्गोपचार केंद्रं, रुग्णालयांतले योग व आहार विभाग, संशोधन, स्वतःचा दवाखाना. अलीकडे मोठ्या रिसॉर्टमध्ये मालीश आणि वजन घटवण्याची पॅकेजेस विकली जातात, तिथंही मागणी आहे. पैसाही तिथंच जास्त. परदेशाचं स्वप्न असेल तर जरा जपून. अमेरिका-कॅनडात निसर्गोपचाराचं शिक्षण तिथल्या पदवीनंतर आणखी चार वर्षांचं असतं आणि परवाना काही राज्यांपुरताच. आपली पदवी दाखवून तिथं दवाखाना उघडता येत नाही.

पण मला या विद्यार्थ्यांसाठी खरं काम दिसतं ते इथं, यार्डातच. पाठीवर गोणी वाहणाऱ्या हमालांची कंबर आणि गुडघे चाळिशीतच बोलू लागतात. पहाटे दोन-तीनला कामाला लागायचं, झोप तुटलेली, चहावर चहा, तंबाखू, मिळेल तेव्हा वडापाव. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली ती या माणसांना परवडणारं, घरच्यासारखं जेवण मिळावं म्हणून. निसर्गोपचारातला आहाराचा धडा याहून वेगळा नाही. अशा माणसाला आठ दिवस आश्रमात राहा, हे सांगणं व्यर्थ आहे. त्याची त्या दिवसांची मजुरी बुडते. मग त्याच्या कामाच्या वेळा धरून, त्याच्या खिशाला झेपेल असा आहार, दोन खेपांच्या मध्ये करता येतील अशी चार-दोन आसनं, आणि ओझं उचलायची बरी पद्धत एवढंच सांगता आलं तरी पुष्कळ. इंटर्नशिपचे काही महिने विद्यार्थ्यांनी भुसार विभागात एखाद्या गाळ्यासमोर टेबल टाकून काढावेत, अशी माझी सूचना आहे.

प्रवेश घ्यायचाच असेल तर फी भरण्याआधी कॉलेजात जाऊन काही गोष्टी विचारा. विद्यापीठाची संलग्नता कोणाची, आणि ती यंदाची आहे का? राज्यात नोंदणी कुठं होते? शवविच्छेदन कुठं होतं? स्वतःचं रुग्णालय आहे का, आणि त्यात आज किती रुग्ण दाखल आहेत? हा शेवटचा प्रश्न ऑफिसात न विचारता सरळ वॉर्डात जाऊन पाहा. खाटा मोजू नका, रुग्ण मोजा.