दस्तुरीच्या पलीकडे

दस्तुरी नाक्यावर गाडी लावली की पुढचं मोटारबंदीचं माथेरान पायी, घोड्यावर किंवा रिक्षाने. शंभरेक पावलं गेलं की लाल मातीवर पडणाऱ्या टापा ऐकू येतात, मग झाडीतली माकडं, मग वळणापलीकडे चाललेलं कुणाचं तरी बोलणं. डेसिबलचं माप पटीने वाढतं: 10 डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. म्हणूनच शहरात इंजिन आणि हॉर्नखाली असे बारीक आवाज बुडून जातात.

सगळी वाहनं विजेवर आली की शहरातल्या गाड्यांचा प्रश्न मिटेल, असं अनेकांना वाटतं. धूर जाईल, हे खरंच. पण टायर आणि ब्रेक झिजून उडणारे कण राहतील, आणि त्यातले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. धडकेचं गणितही बदलत नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 30 ऐवजी 60 किलोमीटरने आलेली मोटार चौपट ऊर्जा घेऊन आदळते, मग ती पेट्रोलची असो की बॅटरीची.

स्पेनमधल्या पाँतेवेद्रा शहराने गाड्याच कमी केल्या. पेशाने डॉक्टर असलेले मिगेल आंशो फर्नांदेस लोरेस 1999 साली तिथले महापौर झाले आणि सुमारे 80 हजार वस्तीच्या शहराचा मध्यभाग त्यांनी पादचाऱ्यांना दिला. वाहनतळ शहराच्या कडेला गेले, मालाच्या गाड्यांना वेळ ठरवून दिली. दुकानदार आधी विरोधात होते. पालिकेने मेट्रोच्या नकाशासारखा एक नकाशाही काढला. त्यात स्थानकांऐवजी चौक आहेत, आणि एका चौकातून दुसऱ्यात चालत जायला लागणारी मिनिटं. आपल्याकडे पुण्यात लक्ष्मी रस्ता 11 डिसेंबरला पादचारी दिनासाठी मोकळा होतो. तो एका दिवसापुरताच.

माथेरानने मात्र एक मोठी अडचण उघड केली आहे. गाडी बंद झाली तरी ओझं उरतंच. म्हातारी माणसं, आजारी माणसं, सिलिंडर, सामान वर न्यायचं कुणी? इतकी वर्षं ते माणसांनी वाहिलं: एक हातरिक्षा ओढणारा, चढावर मागून ढकलणारे, अंगातून निथळणारा घाम. आपल्या शांततेची किंमत त्यांनी मोजली, आणि हे मला कधीच मान्य झालेलं नाही. 2022च्या डिसेंबरात तिथे प्रायोगिक ई-रिक्षा आल्या. ऑगस्ट 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला आणि ई-रिक्षा खऱ्या हातरिक्षाचालकांनाच द्यायला सांगितलं.